आधी अक्षर की आधी म्हणणे?

मा. संपादक यांस,

स. न. वि. वि.

किशोरवयीन मुलामुलींच्या वाचन-लेखनाविषयी आपल्या वृत्तपत्रात गेले काही आठवडे सुरू असलेला पत्रव्यवहार मी लक्षपूर्वक वाचते आहे. बहुतेक पत्रलेखकांचे म्हणणे थोडक्यात असे, की ज्या मुलांना धड वाचता येत नाही, परिच्छेदभर मजकूर शुद्ध लिहिता येत नाही, त्यांच्यासाठी वस्तीपातळीवर चालणारे कविता, नाटक आणि चित्रकलेचे वर्ग म्हणजे निव्वळ हौस आहे. आधी अक्षरओळख पक्की व्हावी, मग व्याकरण, मग वाचन, आणि हे सारे झाल्यावर वेळ व पैसा उरलाच तर अभिव्यक्ती. हा क्रम ऐकताना पटतो आणि तो मांडणाऱ्यांच्या हेतूविषयी मला तिळमात्र शंका नाही. बारा वर्षांपूर्वी एका वाचनालयाच्या मागच्या खोलीत, शाळा सुटलेल्या आणि शाळेत कशाबशा टिकून असलेल्या मुलांसाठी आम्ही काही जणांनी संध्याकाळचा गट सुरू केला, तेव्हा मीही हाच क्रम धरून चालले होते. तो क्रम उलटा आहे, असे आज माझे ठाम मत आहे, आणि ते कसे बनत गेले हे सांगण्यासाठी हे पत्र लिहिते आहे. पत्र लांबले आहे. तरी शक्य झाल्यास ते न कापता छापावे, ही विनंती.

पहिले वर्षभर आम्ही भिंतीवर बाराखडीचे तक्ते लावले, जोडाक्षरांचा सराव घेतला, फळ्यावरचे उतारे वहीत उतरवून घेतले. मुले येत आणि चार-सहा आठवड्यांत गळत. जी टिकली त्यांत तेरा-चौदा वर्षांचा एक मुलगा होता. त्याचे अक्षर इतके वळणदार होते की इतरांना दाखवण्यासाठी मी त्याची वही गटात फिरवत असे. फळ्यावर जे असेल ते तो रेघ न् रेघ तसेच उतरवी, आणि वाचायला सांगितले की त्याच्या आधीच्या मुलाने वाचलेले अगदी त्याच चालीत म्हणून दाखवी. वहीतला मजकूर त्याला वाचता येत नाही, तो अक्षरे लिहीत नसून अक्षरांची चित्रे काढतो आहे, हे माझ्या लक्षात यायला चार महिने लागले. शाळेतही ते कुणाला उमगले नव्हते, कारण वही सुबक होती आणि सुबक वहीच्या पलीकडे पाहण्याची सवड आपण मोठी माणसे सहसा काढत नाही.

त्याच सुमारास सिल्व्हिया ॲश्टन-वॉर्नर या न्यूझीलंडमधील शिक्षिकेच्या कामाशी माझी ओळख झाली. ग्रामीण भागातील माओरी मुलांना शिकवताना छापील वाचनपाठांतले शब्द मुलांच्या मनाला चिकटत नाहीत, हे त्यांनी पाहिले. मग ते पाठ बाजूला सारून त्या रोज सकाळी प्रत्येक मुलाला एकच गोष्ट विचारू लागल्या: आज तुला कोणता शब्द हवा? मूल जो शब्द मागेल तो कार्डावर ठळक अक्षरांत लिहून त्याच्या हाती द्यायचा. दुसऱ्या दिवशी मुलाने तो ओळखला तर तो त्याचा झाला. ओळखला नाही तर ते कार्ड टाकून द्यायचे, कारण तो शब्द त्याला मनापासून हवा नव्हता. अशा वेळी खोट मुलात न शोधता शब्दात शोधायची, ही दृष्टी मला फार मोलाची वाटली. भीतीचे आणि मायेचे शब्द मुले एकदा पाहिल्यावर विसरत नसत. १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात त्यांनी हे सारे बारकाईने नोंदवून ठेवले आहे.

त्यांची मुले जेमतेम शाळेत आलेली, आमची मिसरूड फुटू लागलेली. त्यामुळे हा प्रश्न आमच्या मुलांना बालिश वाटेल, अशी मला धास्ती होती. तरी मी त्या मुलाला विचारले. बराच वेळ तो टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिला आणि मग त्याने 'कुलूप' हा शब्द मागितला. मी तो कार्डावर लिहून दिला, त्याने तो खिशात घातला. पुढच्या मंगळवारी तो आला तेव्हा कार्डाचे कोपरे दुमडून मऊ झाले होते, आणि वहीत एक वाक्य होते: 'कुलुप बाहेरुन लावतात.' फळ्यावर नसलेले, कुणी सांगितलेले नसलेले असे ते त्याचे पहिले वाक्य. 'लू' आणि 'रू' दोन्ही त्याने ऱ्हस्व लिहिले होते. कार्ड त्याच्या खिशातच होते; हुबेहूब उतरवण्यात तरबेज असलेल्या या मुलाने पाहून लिहिले असते, तर निदान 'कुलूप' तरी चुकले नसते. उकार चुकला होता, म्हणजेच त्याने न पाहता, मनाने लिहिले होते. माझ्या हातात लाल पेन होते; मी त्याला टोपण लावले, वाक्य मोठ्याने वाचले आणि विचारले, "पुढे?" त्याने त्या संध्याकाळी आणखी तीन ओळी लिहिल्या. त्या ओळी मी येथे देत नाही. त्याचे कारण पत्राच्या शेवटी सांगेन.

या अनुभवाला भाबडेपणा समजले जाऊ नये म्हणून त्यामागचे कारण मांडते. वाचायला शिकणे हे कष्टाचे काम आहे. अक्षर ओळखायचे, त्याचा ध्वनी आठवायचा, ध्वनी जुळवून शब्द करायचा आणि शब्दातून अर्थ काढायचा, हे सारे एकाच वेळी करावे लागते. पाच वर्षांचे मूल हे कष्ट कुतूहलापोटी सोसते. चौदा वर्षांचा मुलगा मात्र एव्हाना कित्येकदा हरलेला असतो. 'कमल नमन कर' वाचण्यासाठी पुन्हा एकदा हरण्याचा धोका तो पत्करणार नाही, आणि त्यात त्याचे काही चुकते असे मला वाटत नाही. शेवटी हाती येणारा अर्थ त्याच्या स्वतःच्या जगण्याचा असेल, तरच हे कष्ट त्याला परवडतात. ब्राझीलमधील पावलो फ्रेरे यांनी प्रौढांच्या बाबतीत हेच ओळखले होते. १९६३ मध्ये अंजिकोस या गावी त्यांच्या गटाने सुमारे ३०० मजुरांना अवघ्या ४० तासांच्या अभ्यासक्रमात लिहा-वाचायला शिकवले. त्यांनी वर्गाला 'संस्कृती-मंडळ' असे नाव दिले होते, आणि शिकवण्याचे शब्द आधी त्या लोकांच्या बोलण्यातून वेचले जात. वीट हा शब्द घ्यायचा तर आधी विटेविषयी बोलायचे: ती कोण भाजतो, तिने बांधलेल्या घरात कोण राहतो. मग शब्दाचे तुकडे पाडून त्यांतून नवे शब्द जुळवायचे. येथे एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. अक्षरे शिकवण्यात फ्रेरे यांनी कुठलीही कसर सोडली नव्हती. त्यांची ध्वनींची मांडणी अत्यंत शिस्तबद्ध होती. तेव्हा अभिव्यक्तीला प्राधान्य द्या असे म्हणणारे लोक अक्षरशिक्षणाला कमी लेखतात, हा पत्रव्यवहारातील आक्षेप वस्तुस्थितीला धरून नाही. पुढच्याच वर्षी, १९६४ मध्ये, लष्करी उठावानंतर हा कार्यक्रम बंद पाडण्यात आला आणि फ्रेरे यांना आधी तुरुंगवास व नंतर देशत्याग पत्करावा लागला.

अक्षरे येण्याआधीही मुलांना पुष्कळ काही सांगायचे असते. त्याचे मला ठाऊक असलेले सर्वांत बोलके उदाहरण पेरूमधील आहे. १९७३ मध्ये तेथील साक्षरता मोहिमेत नाट्यकर्मी ऑगस्टो बोआल सहभागी झाले होते. त्या मोहिमेत शिकणाऱ्यांच्या हातात कॅमेरे देऊन त्यांना प्रश्न विचारले जात आणि उत्तर छायाचित्रानेच द्यावे, अशी अट असे. 'शोषण म्हणजे काय?' या प्रश्नाला कुणी जमीनदाराचे छायाचित्र आणले, कुणी दुकानदाराचे. एका मुलाने मात्र भिंतीत ठोकलेल्या खिळ्याचे छायाचित्र आणले. मोठ्यांपैकी फारच थोड्यांना त्याचा अर्थ लागला. मुले मात्र सगळी एकमताने म्हणाली की हेच बरोबर आहे. चर्चेतून उलगडा झाला तो असा: ही मुले शहराच्या मध्यभागी जाऊन बूटपॉलिश करत. पॉलिशची जड पेटी रोज घरी नेणे आणि परत आणणे शक्य नसल्यामुळे ती रात्री एखाद्या दुकानातल्या भिंतीवर टांगून ठेवावी लागे, आणि दुकानमालक त्या खिळ्याचे दर रात्री भाडे घेत असे. मी हा प्रसंग कित्येकदा कित्येकांना सांगितला आहे आणि प्रत्येक वेळी त्या खिळ्यापाशी थबकले आहे. त्या मुलाला 'शोषण' हा शब्द लिहिता येत होता की नाही, कोण जाणे. पण त्याचा अर्थ खोलीतल्या प्रौढांपेक्षा त्यालाच नेमका ठाऊक होता. असा मुलगा लिहायला शिकायला बसतो, तेव्हा तो कोऱ्या पाटीने येत नाही.

नाटकाविषयी आपल्या एका पत्रलेखकाने 'तालमीत वेळ फुकट जातो' असे लिहिले आहे. त्यांनी एखाद्या तालमीला येऊन बसावे, असे मी त्यांना मनापासून निमंत्रण देते. वाचन सराईत होण्यासाठी तोच मजकूर पुनःपुन्हा मोठ्याने वाचावा लागतो, हे प्रत्येक शिक्षकाला माहीत असते. अडचण अशी की फळ्यावरचा उतारा दुसऱ्यांदा वाचायला सांगितला की मुले जांभया देतात. तीच मुले आपल्या तोंडचा संवाद विसाव्यांदाही न कंटाळता वाचतात, कारण समोरच्याने त्यावर आपले वाक्य टाकायचे असते आणि आपण अडखळलो तर सगळा प्रवेश अडतो. स्वल्पविराम कशासाठी असतो हे मी दोन वर्षे शिकवून कुणाला समजले नाही. 'नको, जाऊ दे' आणि 'नको जाऊ दे' या दोन ओळी पाठोपाठ म्हणून पाहिल्यावर मात्र ते एका संध्याकाळी सगळ्यांना समजले.

माझा अनुभव एका खोलीपुरता आहे, म्हणून मोठ्या प्रमाणावर झालेल्या एका पाहणीचा आधार देते. अमेरिकेतील ह्यूस्टन शहरात ४२ शाळांमध्ये सोडतीच्या पद्धतीने निवड करून, निम्म्या शाळांत शहरातील नाट्यसंस्था, संग्रहालये, संगीत आणि नृत्यमंडळे यांच्या सहकार्याने कलाशिक्षणाचे तास वाढवण्यात आले. १०,००० हून अधिक विद्यार्थ्यांच्या या अभ्यासाचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. शिस्तभंगाची कारवाई झालेल्या मुलांचे प्रमाण इतर शाळांच्या तुलनेत ३.६ टक्केबिंदूंनी कमी आढळले, दुसऱ्याच्या दुःखाविषयीची आस्था वाढलेली दिसली, आणि प्रमाणित परीक्षेतील लेखनाचे गुण सुधारले. लेखनातील ही वाढ प्रमाण विचलनाच्या (गुण सरासरीभोवती किती विखुरलेले आहेत हे सांगणाऱ्या मापाच्या) ०.१३ इतकी, म्हणजे माफकच होती. कला शिकल्याने सगळेच प्रश्न सुटतात, असा दावा मी करणार नाही. पण कलेसाठी दिलेला वेळ अभ्यासातून वजा होतो, हा आक्षेप निदान लेखनापुरता तरी या अभ्यासापुढे टिकत नाही.

आता शुद्धलेखनाकडे वळते, कारण बहुतेक पत्रांतील कळकळ त्याविषयी आहे आणि ती मला मान्य आहे. भाषा नेटकी लिहिली जावी, असे मलाही वाटते. प्रश्न आहे तो दुरुस्ती केव्हा करायची हा. आमच्या गटात पहिल्या खर्ड्यावर कुणीही खूण करत नाही. तो फक्त मोठ्याने वाचला जातो आणि ऐकणारे सांगतात की त्यांना काय दिसले, कुठे कळले नाही, पुढे काय ऐकायला आवडेल. मजकूर गटाच्या हस्तलिखित अंकात जायचा ठरला, की पक्की प्रत करताना शब्दकोश, नियम आणि खोडरबर हे सगळे बाहेर येते. 'कुलूप' लिहिणारा मुलगा तीन आठवड्यांनी आपला कागद घेऊन माझ्याकडे आला आणि म्हणाला, "बाई, यातला कुठला उकार मोठा? आता लोक वाचणार आहेत." मी त्याला शेवटून दुसऱ्या अक्षराचा नियम सांगितला. त्याने त्यावरून 'गुरूजी' असेही लिहून दाखवले, मग नियम कुठे लागू पडतो आणि कुठे नाही यावर आमचे अर्धा तास बोलणे झाले. वर्षभर ऱ्हस्व-दीर्घाचे तक्ते भिंतीवर असताना त्याने एकदाही असा प्रश्न विचारला नव्हता. वाचणारा कुणीतरी आहे याची खात्री झाल्यावर नियमांची गरज त्याला स्वतःलाच भासली.

म्हणूनच अशा उपक्रमांत हस्तलिखित, भित्तिपत्रक किंवा एखादे साधे छापील पान यांचे स्थान मी सर्वांत वरचे मानते. फ्रान्समधील शिक्षक सेलेस्तँ फ्रेने यांना पहिल्या महायुद्धात फुप्फुसाला जखम झाली होती आणि फार वेळ बोलणे त्यांना झेपत नसे. १९२०च्या दशकात त्यांनी खेड्यातल्या आपल्या वर्गात चक्क एक छोटे छपाईयंत्र आणले. मुले स्वतःच्या मनाने मजकूर लिहीत, कोणता छापायचा ते आपसांत ठरवत, छपाईचे खिळे जुळवत आणि छापलेली पाने दूरच्या शाळांतील मुलांना पाठवत. खिळ्यांचा एकेक अक्षरठसा हाताने जुळवणाऱ्या मुलाला अक्षराकडे दुर्लक्ष करणे शक्यच नसते. साधनांवाचून हे होत नाही, असेही म्हणता येणार नाही. दुसऱ्या महायुद्धात तेरेझीनच्या छळछावणीतील एका खोलीत डांबलेल्या किशोरवयीन मुलांनी १९४२ ते १९४४ या काळात 'वेदेम' नावाचे गुप्त साप्ताहिक चालवले. त्याची एकच प्रत निघे आणि शुक्रवारी संध्याकाळी ती सर्वांसमोर वाचली जाई. संपादक पेत्र गिंझ स्वतःच पोरसवदा होता. १९४४ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, ऑशविट्झमध्ये त्याची हत्या झाली. त्या साप्ताहिकाची सुमारे ८०० पाने मात्र उरली. कविता, परीक्षणे, छावणीतील माणसांच्या मुलाखती, विनोद हे सारे त्या पानांत आहे. एकच प्रत आणि दर आठवड्याचा ठरलेला दिवस, एवढ्या बळावर ते नियतकालिक दोन वर्षे चालले.

मिळून लिहिण्याच्या पद्धतीविषयीही दोन शब्द. इटलीतील बार्बियाना या डोंगरावरच्या वस्तीत लोरेन्झो मिलानी या धर्मगुरूंनी, शाळेने नापास करून बाहेर टाकलेल्या शेतकऱ्यांच्या मुलांसाठी शाळा चालवली. तेथील आठ मुलांनी मिळून एका शिक्षिकेला उद्देशून लिहिलेले पत्र १९६७ मध्ये पुस्तकरूपाने निघाले आणि नापास होणारी मुले कोणत्या घरांतली असतात हा प्रश्न त्याने इटलीसमोर आकडेवारीसह ठेवला. त्यांची रीत साधी होती. जे सुचेल ते प्रत्येकाने वेगवेगळ्या चिठ्ठ्यांवर टिपायचे, सारख्या चिठ्ठ्यांचे गठ्ठे करायचे, पुनरुक्ती काढायची, क्रम लावायचा, आणि मग एकेक निरुपयोगी शब्द सगळ्यांनी मिळून खोडायचा. आम्ही ही रीत उचलली आणि ती विशेषतः लाजऱ्या मुलांना मानवली, कारण चिठ्ठीवर नाव नसते, पण तिच्यावरचा शब्द शेवटच्या मजकुरात टिकला की तो कुणाचा हे ज्याचे त्याला कळते.

आता एका व्यथेविषयी. काही वर्षांपूर्वी एका संस्थेने वेगवेगळ्या गटांतील मुलांच्या कवितांचा संग्रह काढला. कागद उत्तम, मुखपृष्ठ देखणे. आमच्या गटातील एका मुलीची कविता त्यात होती. पुस्तक हातात पडल्यावर तिने पान उघडले, दोनदा वाचले आणि मिटून माझ्याकडे परत दिले. "नाव माझं आहे, कविता माझी नाही," एवढेच ती म्हणाली. कुणा जाणत्या माणसाने यमके जुळवून दिली होती, बोलीतले शब्द काढून त्यांजागी प्रमाण शब्द घातले होते आणि शेवटी आशेची दोन कडवी जोडली होती. मी सगळा संग्रह वाचला. तीसहून अधिक मुलांच्या त्या कविता एकाच माणसाने लिहिल्यासारख्या होत्या. हेतू वाईट नव्हता, हे मला कळते. पण त्या मुलीने त्यानंतर सहा-सात महिने काही लिहिले नाही, आणि ती परत लिहू लागली तेव्हा आपल्या कागदाच्या वरच्या कोपऱ्यात 'बदलू नये' असे लिहू लागली. तरुणांना व्यक्त होऊ द्या असे म्हणणाऱ्या प्रत्येकाने, त्यांचे म्हणणे आपल्याला आवडेल असेच असेल, ही अपेक्षा आधी सोडायला हवी. ती कधी रागाने लिहितात, कधी आपल्याच कार्यक्रमाविषयी कडवट लिहितात, कधी वाचलेल्या कवितेची उघड नक्कल करतात. नक्कल करणे हीसुद्धा शिकण्याची एक पायरी आहे.

याच्या अगदी उलट टोकाचा एक दोषही अशा उपक्रमांत शिरलेला दिसतो आणि तो मला अधिक गंभीर वाटतो. मुलांनी आपले दुःख उघडे करून लिहावे, व्यासपीठावर सांगावे, म्हणजे ऐकणाऱ्यांचे डोळे पाणावतील आणि कार्यक्रमाचे चीज होईल, अशी एक न बोललेली अपेक्षा असते. मनातले कागदावर उतरवल्याने बरे वाटते, यात तथ्य आहे. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना चार दिवस रोज १५ मिनिटे आपल्या आयुष्यातील क्लेशकारक घटनांविषयी लिहायला सांगितले होते. घटना आणि त्यामागच्या भावना अशा दोन्हींविषयी ज्यांनी लिहिले, त्यांना लिहिताना त्रास झाला, पण पुढील काही महिन्यांत ते आजारपणासाठी आरोग्य केंद्रात कमी वेळा गेले. मात्र त्या विद्यार्थ्यांचे लेखन टाळ्यांसाठी कुणी सभागृहात वाचून दाखवले नव्हते, हे विसरता कामा नये. लिहिणे आणि लिहिलेले जगाला दाखवणे हे दोन वेगळे निर्णय आहेत, आणि दुसरा निर्णय सर्वस्वी लिहिणाऱ्याचा असला पाहिजे. आमच्याकडे प्रत्येकाच्या वहीत काही पाने दुमडलेली असतात. दुमडलेले पान कुणी उघडायचे नाही, मीसुद्धा नाही, हा गटाचा सर्वांत जुना नियम आहे. दुमडलेल्या पानातले काही वाचून एखादे मूल संकटात आहे असे आम्हाला कधी कळणार नाही, ही यातली खरी अडचण आहे. तिच्यावर मला मिळालेला एकमेव उपाय म्हणजे वर्षानुवर्षे तेच मोठे माणूस त्याच खोलीत, त्याच वेळी हजर असणे, म्हणजे सांगावेसे वाटेल तेव्हा कुणाला सांगायचे हा प्रश्न मुलाला पडत नाही.

त्यामुळे तीन दिवसांच्या शिबिरांविषयी आणि प्रमाणपत्रांविषयी मी फारशी उत्साही नाही. शिबिर संपते तेव्हा मूल नुकते कुठे तोंड उघडू लागलेले असते. मदत करू इच्छिणाऱ्यांनी मोठ्या समारोपाऐवजी एका खोलीची, एका कपाटाची आणि आठवड्यातल्या एका ठरलेल्या संध्याकाळची वर्षभराची हमी द्यावी.

संपादक महोदय, आता आपल्याकडे एक मागणे. अशा उपक्रमांच्या बातम्या आपण आस्थेने छापता, त्याबद्दल मी ऋणी आहे. परंतु त्या बातम्यांत पाहुण्यांची नावे असतात, त्यांच्या भाषणाचा सारांश असतो, आणि मुले छायाचित्रात मागच्या रांगेत असतात. त्यांनी काय लिहिले, हे वाचकाला कधीच कळत नाही. बालहक्कांविषयीच्या १९८९च्या आंतरराष्ट्रीय करारातील तेराव्या कलमाने मुलांचे अभिव्यक्तिस्वातंत्र्य मान्य केले आहे, आणि ते तोंडी, लेखी, छापील किंवा कलेच्या रूपात, मूल निवडेल त्या माध्यमातून वापरता येईल असे म्हटले आहे. छापील माध्यम आपल्या हाती आहे. मराठी पत्रकारितेत याला फार जुना आणि फार थोर दाखला आहे. १८५५ साली 'ज्ञानोदया'ने मुक्ता साळवे या, जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या, सुमारे चौदा वर्षांच्या विद्यार्थिनीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध छापला. धर्माच्या नावाने आपल्या लोकांना माणुसकीपासून आणि ज्ञानापासून दूर ठेवणाऱ्यांना तिने थेट प्रश्न विचारले होते. तिला आधी दहा वर्षे व्याकरण शिकू द्या आणि मग बोलू द्या, असे त्या वेळी कुणी म्हटले असते, तर आज पावणेदोनशे वर्षांनंतरही वाचला जाणारा तो निबंध आपल्या हाती पडलाच नसता.

माझी विनंती अशी, की बारा ते वीस वर्षांच्या मुलामुलींच्या लेखनासाठी आपण आठवड्यातून एकदा अर्धे पान राखून ठेवावे. स्पर्धा नको, क्रमांक नकोत, 'बालप्रतिभा' असले मथळेही नकोत. बोलीभाषेतला मजकूर बोलीतच यावा. उकार-वेलांट्यांच्या पलीकडचा कोणताही बदल लिहिणाऱ्याला विचारल्यावाचून होऊ नये, आणि मजकूर नाकारला तर का नाकारला हे दोन ओळींत त्याला कळवावे. नकारही आदराने दिलेला असला तर मुले तो नीट घेतात, हे मी पुष्कळदा पाहिले आहे. उत्तरच न येणे मात्र त्यांना फार लागते.

या पत्रासोबत आमच्या गटातील तिघांचे मजकूर त्यांच्या संमतीने जोडले आहेत. एकाच्या कोपऱ्यात 'बदलू नये' असे लिहिले आहे, त्याची कृपया नोंद घ्यावी. कुलुपाविषयीचा मजकूर त्यांत नाही. तो मुलगा आता मोठा झाला आहे आणि मंगळवारी लहान मुलांचे वाचन घ्यायला येतो. पत्र पाठवण्यापूर्वी मी ते त्याला दिले. त्याने ते माझ्यासमोर बसून, सावकाश, सगळे वाचले. पहिले वाक्य छापायला त्याची हरकत नाही. पुढच्या तीन ओळी मी खर्ड्यात लिहिल्या होत्या, त्यांवर त्याने पेन्सिलीने आडवी रेघ मारली आणि म्हणाला, "हे राहू दे, बाई." म्हणून त्या या पत्रात नाहीत.

आपली विश्वासू,
किशोरवयीन मुलांच्या वाचन-लेखन गटातील एक कार्यकर्ती